पिशव्यांची रांग

माणसांनी एकमेकांपासून लांब उभं राहावं म्हणून कुंदनशेठने दुकानासमोर चुन्याचे गोल आखले होते. सातपूरच्या त्या कॉलनीने दुसऱ्याच दिवशी त्यावर तोड काढली. गोलात पिशवी ठेवायची. पिशवी नसेल तर चप्पल, चप्पल पायात हवी असेल तर अर्धी वीट. आणि आपण मारुतीच्या पारावर जाऊन मांडीला मांडी लावून बसायचं. मास्क हनुवटीवर, गालात तंबाखू, आणि गप्पा कोरोनाच्या. पिशव्या उन्हात नियम पाळत होत्या, माणसं सावलीत एकमेकांच्या तोंडावर थुंकी उडवत होती.

त्या रांगेत सगळ्यांत देखणी पिशवी कलाबाईची. पांढरं जाड कापड, त्यावर लाल अक्षरांत 'कोरोना योद्धा'. कलाबाई कोविडच्या हॉस्पिटलात सफाईला होती. वॉर्ड झाडायचा, पुसायचा, पेशंटची घाण काढायची. कुणा पुढाऱ्याने हॉस्पिटलच्या दारात टेबल मांडून सफाईच्या बायांचा सत्कार केला, तेव्हा ही पिशवी मिळाली होती. आत एक टॉवेल, एक साबण आणि पुढाऱ्याचं हसरं तोंड छापलेलं कॅलेंडर, तेही निम्मं वर्ष सरल्यावर. साबण संपला, टॉवेल नवऱ्याने घेतला, पिशवी चांगली होती म्हणून किराण्याला ठेवली. तीच तिच्या मुळावर उठली. नाव-गाव काही विचारायला नको, पिशवी लांबूनच सांगायची की बाई कुठून आली.

कॉलनीत पेशंट निघाले ते पत्त्यांच्या अड्ड्यावरचे दोघे. मग महापालिकेची माणसं आली, गल्लीच्या तोंडाला आडवे-उभे बांबू बांधून गेली. बांबूची गाठ पक्की व्हायच्या आत ठरून गेलं होतं की रोग कलाबाईने आणला. तिची तपासणी झाली, तिला काही निघालं नाही, पुन्हा झाली, पुन्हा नाही. तो कागद तिने दाराला चिकटवला. लोक कागद वाचायला जवळ यायला तयार नव्हते.

आता गंमत बघा. बांबूच्या बाहेरचा दुकानदार तिच्या ड्युटीच्या पासवरचा पत्ता बघायचा आणि म्हणायचा, तुम्ही बंद एरियातल्या, तिकडेच घ्या. बांबूच्या आत दुकान एकच, कुंदनशेठचं. तिथे तिला सांगायचे, तू हॉस्पिटलातली, तिकडेच घे. घरात पीठ नव्हतं. डाळ दोन दिवस आधीच संपली होती. नवरा जीवन दम्याचा, कंपनी बंद पडल्यापासून घरात बसून, त्याला या गर्दीत पाठवायची तिची छाती होत नव्हती. मुलगी संजना बारावीची. ती काल म्हणाली होती, आई, भाताची पेज पुरे आता, पोटात नुसतं पाणी हलतं. त्यामुळे आज रात्रपाळी करून आल्यावर कलाबाई अंघोळ करून तशीच, न झोपता, दुकानावर आली होती. पीठ घेतल्याशिवाय घरी जायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं.

पिशवी गोलात ठेवून ती पारापासून लांब, विजेच्या खांबाला टेकून उभी राहिली. पारावर कुणी जागा दिली नसतीच.

खंडेरावने पिशवी पाहिली. खंडेराव म्हणजे रिटायर्ड सुपरवायझर. आयुष्यभर मशीनवरच्या पोरांवर ओरडला, रिटायर झाल्यावर ओरडायला कुणी उरलं नाही, बायको बहिरी. लॉकडाऊनने त्याला नोकरी परत दिली. गळ्यात शिट्टी, दंडावर 'स्वयंसेवक' लिहिलेली पट्टी, हातात काठी. त्याने काठीचं टोक पिशवीच्या बंदात अडकवलं, मेलेला उंदीर उचलावा तशी पिशवी उचलली आणि गटाराच्या कडेला नेऊन टाकली. मागच्या पिशव्यांचे मालक पारावरून उठले, आपापली पिशवी एकेक गोल पुढे सरकवली आणि परत जाऊन बसले.

कलाबाईने पिशवी उचलली, झटकली, होती तिथेच नेऊन ठेवली. त्या गोलात आता भागीबाईची पिशवी होती. भागीबाई तिची भिंतीला भिंत लागून शेजारीण. हिनेच एप्रिलमध्ये कलाबाईकडून सॅनिटायझरची बाटली मागून नेली होती, ती अजून नेलेलीच होती.

"कला, माझ्या पिशवीला लावू नको गं," भागीबाई पारावरून म्हणाली. आवाज अगदी मऊ, लेकराला समजवावं तसा.

खंडेरावने शिट्टी फुंकली. तो चार हातांवरून म्हणाला, "तुला किती वेळा सांगायचं? तुझं सामान घरी पोचेल. यादी शेठला व्हॉट्सॲप कर."

"तीनदा केली, आप्पा. निळ्या टिकल्या आल्या. पीठ नाय आलं."

पारावर कुणीतरी फिस्सकन हसलं. दुसरा म्हणाला, यांना हॉस्पिटलात रोज उकडलेली अंडी मिळतात म्हणे, कशाला पाहिजे पीठ. अंडी पेशंटला असतात, हे कलाबाईने सांगितलं नाही. ती दुकानाकडे बघत होती. कुंदनशेठ तराजूची पारडी पुसत होता, पुसलेलीच परत पुसत होता.

"शेठ, तुम्ही बोला," ती म्हणाली.

शेठने हात जोडले. वाईट माणूस नव्हता तो, असं लोक म्हणायचे. वाईट व्हायला जेवढी हिंमत लागते तेवढीही त्याच्यात नव्हती. "मावशी, माझ्या मनात काही नाही हो," तो म्हणाला. "पण तुम्ही इथे दिसलात की गिऱ्हाईक बिथरतं. दोन दिवस थांबा ना."

दोन दिवस. कलाबाईला रडू आलं नाही. वॉर्डात तिने इतकी रडणारी माणसं पाहिली होती की ते पाणीच आटलं होतं. चीड आली, आणि चिडीच्या पाठोपाठ एक विचार आला, इतका लख्ख की तिचं तिलाच नवल वाटलं. ही माणसं आपल्या हाताला भितात. भितात ना? मग आपल्याकडे हात आहे.

ती सरळ चालत गेली. दुकानासमोर बांधलेल्या दोरीखालून वाकून आत शिरली. ओट्यावर पोती मांडलेली होती, तोंडं दुमडून. तिने बाही वर सारली आणि साखरेच्या पोत्यात हात घातला, कोपरापर्यंत. आत ढवळला. बाहेर काढला, कातडीला साखर चिकटलेली, तसाच शेजारच्या तूरडाळीत खुपसला.

खंडेरावच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजेना. पारावरची माणसं उठून उभी राहिली होती.

तो हात तिने पहाटेपासून किती वेळा धुतला होता ते त्या हातालाच माहीत. बोटांच्या पेरांची कातडी सोलून निघाली होती, डाळीत खुपसल्यावर झोंबली. त्या घटकेला कॉलनीत त्याच्याइतका स्वच्छ हात दुसरा नव्हता. पण तिने ते सांगितलं नाही. का सांगावं?

"ही दोन पोती आता बाटली," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला चालायची नाय. मला द्या यातलं. पीठ द्या, तेल द्या. नायतर हा हात तांदळात जाईल."

कुंदनशेठने दिलं. घाईत डाळ मापाच्या वर पडली आणि ती त्याने काढूनही घेतली नाही. पिठाची पिशवी, तेलाची पिशवी, साखर, डाळ, सगळं त्याने काठीने ढकलावं तसं फुटपट्टीने पुढे ढकललं. तिने पैसे प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टाकले. त्याने त्यावर फवारा मारला, तिच्या दिशेनेही मारला. ती दोरीखालून बाहेर आली. लोक दुभंगले, तिला वाट मिळाली. अशी ऐसपैस वाट त्या कॉलनीत तिला कधी मिळाली नव्हती. चालताना तिची मान ताठ होती, पण मनात एकच घोळत होतं. अन्नात हात घातला आपण, दुसऱ्याच्या. आईने पाहिलं असतं तर मुस्कटात मारली असती.

खांबापर्यंत पोचली तोच मागून कुंदनशेठचा आवाज आला. वाटोळं केलं बाईने, दोन्ही पोती फेकावी लागणार, असं तो कपाळ बडवून सांगत होता.

आणि मग खंडेरावचा आवाज. हळू, पण ऐकू येईलसा.

"फेकताय कशाला शेठ? साखर चहात उकळतेच की. अर्ध्या भावात लावा, मी नेतो पाच किलो."

मग भागीबाई म्हणाली, डाळही कुकरला लावतोच ना आपण, तीन शिट्ट्या होतात.

पार रिकामा झाला. गोल राहिले, गोलांतल्या विटा राहिल्या, माणसं दोरीवर जाऊन पडली. खांद्याला खांदा, पाठीला पोट. साखर तिकडे किती, मला आधी, मी पहिला बोललो. ज्याने अंड्यांवरून टोमणा मारला होता तो पोत्याचं तोंड स्वतःच्या हाताने फाकवून धरत होता. मास्क कुणाच्याच नाकावर नव्हता.

कलाबाई पिशवी घेऊन बघत राहिली. तिला वाटलं होतं, आपण यांना घाबरवलं. कसलं घाबरवलं. हे रोगाला भीत नव्हतेच. तिचा विटाळ होता तो फक्त पुऱ्या भावात. अर्ध्या भावात तिचा हात काय, अख्खा वॉर्ड यांनी चहात उकळून प्यायला असता.

ती मागे फिरली. गर्दीत घुसली, कोपराने माणसं सारत. एकानेही अंग चोरलं नाही. साखरेपुढे तिच्याकडे बघायला वेळ कुणाला होता. खंडेरावच्या बरगडीत कोपर देऊन ती दोरीपाशी पोचली.

"शेठ, माझी साखर अन् डाळ पण अर्ध्यानेच लावा."

"तू तर घेऊन गेलीस ना आधी?" खंडेराव खेकसला.

"गेले ना. पण हात माझाच हाय आप्पा. माझ्या हाताने तुम्हाला स्वस्त अन् मला महाग?"

कुंदनशेठने घाईघाईने परत द्यायची नोट ट्रेमध्ये टाकली आणि ट्रे पुढे सरकवला. कलाबाईने ट्रेला हात लावला नाही. तिने तळहात पुढे धरला, सोललेला, पेरांत साखर अडकलेला.

"हातात द्या."

शेठने तिच्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे.

"अहो, द्या तिला लवकर," खंडेराव मागून ओरडला. "आमची साखर संपेल."

शेठने ट्रेमधली नोट उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली. बोटाला बोट लागलं. मग तोच हात तसाच साखरेच्या पोत्यात घालून तो खंडेरावचे पाच किलो भरू लागला.