उपाशी डबा

आता तुम्हीच सांगा, खाडीच्या चिखलातल्या किड्यांचं आलापल्लीकडच्या रानातल्या गावात काय काम? पण आले. आशाबाईची लेक पुनम कोकणात समुद्राकाठी राहून त्याच किड्यांवर पीएचडी करत होती. सुट्टीत डब्यांकडे बघणारं कोणी नाही म्हणून चिखलाचे तीन डबे मांडीवर घेऊन ती गावी आली. लोकांच्या पोरी येताना पेढे आणतात!

आशाबाईने आधी नाक मुरडलं. मग पुनमने तिला सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला, आणि बाई तिथेच खिळली. केसाहून बारीक किडे वळवळत होते.

"हा पाह्य, याले दातच नाई, हा नुसता चोखून खाते. हा दातानं वाळूवरचं शेवाळ खरवडते. अन् हा मोठ्या तोंडाचा, हा दुसऱ्या किड्यायलेच गिळते."

"अगं माय! हे त आपल्या गावातलेच दिसतेत," आशाबाई म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या.

एका डब्यात पुनम शेवाळाची पूड टाकायची, दुसऱ्यात कुजलेला पाला. तिसऱ्यात काहीच नाही.

"याले उपाशीच ठेवाचं आहे. उपाशी ठेवल्यावर कोन तगते, कोन काय खाते, तेच पाहाचं आहे. हात नको लावू आई, माह्यं अख्खं वर्ष आहे यात."

आशाबाईने मान डोलावली खरी, पण ओसरीवरून जाता-येता त्या डब्यापाशी तिचा जीव खालीवर व्हायचा. अशात नवं आलं. नव्या धानाचा भात घरात पहिल्यांदा शिजतो, तो हा दिवस. आधी देवाला, मग गाईबैलांना, कुत्र्याला, मग माणसांना. त्या दिवशी घरातला कोणताही जीव उपाशी राहता कामा नये, हे तिने सासूकडून शिकलेलं. आणि इथे ओसरीवर अख्खा डबा भुकेला! गोठ्यात घास देऊन परतताना तिने इकडेतिकडे पाहिलं, चिमूटभर भात कुस्करला आणि डब्यात सोडला. शितभर भाताने कोणाचं काय बिघडतं?

बिघडलं. दोन दिवसांनी सगळे जेवायला बसले होते. पुनम हात धुवायला ओसरीवर गेली, सहज डब्यात डोकावली, तर आंबूस घाण वास. चिखल काळा पडलेला आणि वर भाताची शितं. किडे मेलेले.

"कोनं टाकला भात?" ती रडकुंडीला येऊन ओरडली.

सगळ्यांच्या नजरा वारलूकडे वळल्या. वारलू म्हणजे आशाबाईचा थोरला दीर, एकटा जीव, वर्षानुवर्षं याच घरी जेवणारा. रोज सकाळी त्याच ओसरीवर तो कोंबड्यांना शिळा भात टाकायचा.

"मोठे बाबा, तुमीच ना? कोंबड्यायच्या नादात! तुमाले काई समजते का नाई?"

वारलूने एकवार आशाबाईकडे पाहिलं. तिच्या हातात वरणाची वाटी होती. आता तरी बोल की गं बाई! पण पोर आपल्याला अडाणी म्हणेल, पुन्हा त्या यंत्राला डोळा लावू देणार नाही, याचंच भेव. पुनम ताटावर येऊन बसली, तसं आशाबाईने मुकाट्याने तिच्या भातावर वरण वाढलं.

वारलू भरल्या ताटावरून उठला आणि शेताकडे चालता झाला.

ते ताट उचलताना आशाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिखलातल्या किड्याची दया आली तुला, आणि घरचा मोठा माणूस उपाशी गेला, तो तुझ्यामुळे! तिला स्वतःची शिसारी आली. शिदोरी बांधून ती तडक शेतावर गेली. वारलू बांधावर बसला होता.

"भाऊजी, तो भात मीनं टाकला होता."

"ठाव आहे. मी पाह्यलं होतं."

"मंग तुमी बोलले काऊन नाई?"

"तू बोलशीन म्हणून थांबलो होतो, बाई."

त्याने शिदोरी घेतली, पण तिची गाठ सोडली नाही. आशाबाईला उभं राहवेना. ती पदराने डोळे पुसत घरी आली. पुनम ओसरीवर डबा घासत होती. आशाबाईने एका दमात सगळं सांगून टाकलं. आता पोर काय वाट्टेल ते बोलो, ऐकून घ्यायचं. पण पोर डब्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तिचं तोंड एवढंसं झालं.

"आई, मी मोठ्या बाबाले सगळ्यायसमोर तसं बोलली, तवा तू कुठी होती?"

"इथीच होती," आशाबाई म्हणाली. "तुले वाढून राह्यली होती."