एक पायरी खाली

दाताची कॅप एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत परत आली आणि पाठोपाठ डॉक्टरीणबाईंचा फोन.

"म्हाताऱ्या बाईला दुसऱ्यांदा आ करून बसवलं मी. चावायच्या जागी चक्क खड्डा आहे! फाईल पाठवण्याआधी तुम्ही बघता तरी का?"

तिनं पाहिली होती. अगदी फिरवून फिरवून पाहिली होती. हेच तर तिचं काम. दवाखान्यातून तोंडाचा स्कॅन यायचा, ती घरी बसून कॉम्प्युटरवर दात घडवायची, फाईल लॅबला जायची आणि तिथलं मशीन ती कॅप कोरून काढायचं. तिच्या हातचा दात कधी परत आला नव्हता.

"नवीन करून देते, माफ करा," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला आणि पाठवलेली फाईल उघडली. खड्डा होता. तिनं सेव्ह करताना जिथं गुळगुळीत उतार होता, नेमका तिथं.

तिची नजर टेबलाखालच्या कॉम्प्युटरवर गेली. एका बाजूनं काच, आत निळे-जांभळे दिवे. दिरानं स्वतः एकेक भाग निवडून तिच्यासाठी जोडलेला. दीर विम्याच्या ऑफिसात होता, पण घरात त्याला सगळे इंजिनिअरच म्हणायचे. कॉम्प्युटर आल्यापासून काम करता करता मध्येच बंद पडायचा. दर वेळी तिनं विचारलं की दीर हसायचा. "वहिनी, तुम्ही एका वेळी किती गोष्टी उघडता! मशीन नवं आहे, हळूहळू हात बसेल तुमचा."

हात बसेल! दातओठ खात तिनं मदरबोर्डबरोबर आलेली पुस्तिका शोधून काढली. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मेमरी तपासण्याचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला, कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला आणि स्वयंपाकघरात गेली. कणीक मळून परत आली तर पडद्यावर लाल ओळी. एकाखाली एक, एकाखाली एक. मेमरीत लिहिलेलं एक आणि वाचताना मिळतंय भलतंच. म्हणजे तिनं घडवलेला दात सेव्ह होईपर्यंत वाटेतच बिघडत होता, आणि कुणाला कळतही नव्हतं.

सेटिंगमध्ये शिरल्यावर कारण सापडलं. मेमरीच्या पट्ट्यांच्या खोक्यावर जो वेग छापला होता, त्याच्या कितीतरी वर दिरानं तो चढवून ठेवला होता. तिनं तो खोक्यावरच्या आकड्यावर आणला. तपासणी पुन्हा लावली. लाल ओळी कमी झाल्या, पण एक राहिलीच. पुस्तिकेत बारीक अक्षरात होतं: चारही खाचांत पट्ट्या असतील तर वेग कमी ठेवावा. चारही भरलेल्या होत्या. तिनं वेग आणखी एक पायरी खाली आणला. या वेळी तपासणी दुपारभर चालली आणि पडदा स्वच्छ राहिला.

तिनं ती कॅप नव्यानं केली. पुढचे कितीतरी दिवस कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. काम किंचित हळू झालं असेल तर तिला ते जाणवलंसुद्धा नाही.

मग एका रविवारी दीर जेवायला आला. ती ताटं मांडत असताना तो तिच्या खोलीत जाऊन बसला. "जरा अपडेट बघतो," म्हणाला. सोमवारी सकाळी, अर्धा जबडा घडवून झाल्यावर पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

तिनं सेटिंग उघडली. वेग पुन्हा चढवलेला होता. पहिल्यापेक्षाही वर.

संध्याकाळी तिनं दिराला बोलावून घेतलं. नवराही ऑफिसातून आला होता आणि बूट काढत होता.

"भाऊजी, मेमरीचा वेग तुम्ही वाढवलात?"

"हो. कुणीतरी पार बैलगाडी करून ठेवली होती त्याची."

"कुणीतरी नाही, मी."

तो हसला. "वहिनी, त्या गोष्टींत तुम्ही नका पडू. कॉम्प्युटर जोडणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर वेगाचे आकडे आपोआप जातात, आपलं मशीन तिसऱ्या नंबरावर होतं, माहितेय? आकडा एकदम घसरला तेव्हा लोकांनी मला काय काय ऐकवलं!"

"तपासणीत चुका येतात."

"एखाददुसरी येते. सुरू होतंय ना मशीन?"

तिच्या टेबलावर ती पिशवी पडली होती. तिनं कॅप काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"घाल तोंडात."

आजवर तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. दीर गोंधळला. "काय?"

"तोंडात घाल आणि चावून दाखव. एखाददुसरी चूक आहे ना? एका बाईला दोनदा खुर्चीत बसावं लागलं हिच्यापायी. डॉक्टरनं माझं अर्धं काम दुसरीकडे दिलं. आणि तू कुठल्या तरी ग्रुपवर आकडे मिरवतोयस? माझ्या पोटावर पाय देऊन?"

"अगं, हळू," नवरा म्हणाला. "त्यानं किती हौसेनं बनवलाय."

ती नवऱ्याकडे वळली. "हौस त्याची, काम माझं! मशीन बंद पडतं म्हणून मी इतके दिवस सांगत होते, तेव्हा तू काय म्हणालास? त्याला विचार. त्याला विचारलं तर तो म्हणतो, तुमचाच हात बसला नाही. तुम्हा दोघांत मी खोटी ठरले आणि तू बुटाच्या नाड्या सोडत बसलास."

नवऱ्याचा एक बूट पायातच होता. दिरानं कॅप उलटीसुलटी केली, नखानं खड्डा चाचपला.

"हे मेमरीमुळं?" त्यानं हळूच विचारलं.

"बस इथं. बघ."

तिनं त्याच्यासमोर तपासणी लावली. लाल ओळी यायला लागल्या तसा त्याचा चेहरा उतरत गेला. तिला त्याची दया आली नाही. तिनं वेग खाली आणला आणि सेटिंगला पासवर्ड घातला. टाइप करताना त्याला तोंड फिरवायला लावलं.

पुढे बरेच दिवस दीर फिरकला नाही. सासूबाईंचा फोन आला. "लहान आहे तो, जरा समजून घ्यायचं." "चाळिशी आली त्याची, आई," ती म्हणाली आणि विषय संपवला. एकदा दिराचाच मेसेज आला. चार पट्ट्यांचं त्यानंही वाचलं म्हणे, आणि चूक झाली म्हणे. तिनं "बरं" एवढंच लिहिलं. डॉक्टरीणबाईंचं गेलेलं काम काही परत आलं नाही. तिनं दुसरे दवाखाने शोधायला सुरुवात केली.

एका संध्याकाळी नवऱ्यानं चहा करून तिच्या टेबलावर आणून ठेवला आणि तिथंच घुटमळला.

"राग गेला का?"

"नाही," ती म्हणाली. चहाचा घोट घेतला आणि दाढेचा उतार फिरवून पाहू लागली.