लोहाच्या तीन गोळ्या

मित्र त्याला गिअर म्हणायचे. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि पहाटे रेसची सायकल दामटायची, एवढंच त्याचं आयुष्य. चौतिसाव्या वर्षीही तो क्लबमधल्या पोरांना घाम फोडायचा. पण त्या वर्षी पाय गळायला लागले. वीस किलोमीटरला दोन मिनिटं जास्त लागू लागली.

रक्तात लोह कमी असणार, हे त्याने परस्पर ठरवून टाकलं. रोज एक गोळी. पंधरा दिवसांनी वेळ अर्ध्या मिनिटाने सुधारली. मग काय, दोन! चहा लोह अडवतो असं वाचलं, चहा बंद. लिंबूपाण्याने ते जास्त मुरतं, म्हणून गोळ्या लिंबूपाण्याबरोबर. आठवड्यातून तीनदा कलेजी. सगळं वहीत, तारीखवार. वेळ पुन्हा घसरली तेव्हा त्याने तीन गोळ्या सुरू केल्या. बोटांचे सांधे ठणकायचे, ते पाना फिरवून असतील म्हणून सोडून दिलं. चेहरा काळवंडला तर क्लबवाले म्हणाले, "उन्हातली मेहनत दिसतेय हं!"

एका चढावर चक्कर येऊन तो सायकलसकट आडवा झाला, तेव्हा थोरल्या बहिणीने त्याचं काही एक न ऐकता त्याला डॉक्टरांकडे नेलं.

रिपोर्ट आले. डॉक्टरबाईंनी कागद दोनदा वाचला.

"लोह किती घेताय?"

त्याने ऐटीत वही पुढे केली. बाई पानं उलटत गेल्या.

"अहो, तुमच्यात लोह कमी नाही. साठा तीनशेच्या आत हवा, तुमचा अडीच हजारांवर गेलाय. ते लिव्हरमध्ये साचतंय. थकवा त्याचाच आहे. आणि तुम्ही वरून आणखी ओतत होतात!"

गिअर हसला. काहीच सुचेना तेव्हा माणूस हसतो, तसा.

"नुसत्या गोळ्यांनी एवढं होत नाही," बाई म्हणाल्या. "हे बहुतेक आनुवंशिक आहे. घरात कुणाला लिव्हरचा त्रास?"

"बाबा त्यातच गेले," ताई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण ते... लपून प्यायचे."

"कुणी पाहिलं होतं?"

"पाहिलं असं नाही, सगळे म्हणायचे," ताई म्हणाली.

"त्यांच्या बोटांचे सांधे दुखायचे? रंग काळवंडला होता? साखर होती?"

तिन्ही वेळा ताईने होकारार्थी मान हलवली.

"आता खात्रीने नाही सांगता येणार," बाई म्हणाल्या. "पण कदाचित ते थेंबही पीत नसतील."

'आता शेवटी तरी खरं बोला, बाबा' असं दवाखान्यात त्यांना गिअरच म्हणाला होता. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती.

पुढच्या तपासणीत आजार पक्का झाला. ताईलाही निघाला, पण तिचं लिव्हर अजून ठणठणीत होतं. गिअरच्या गोळ्या कचऱ्यात गेल्या. दर आठवड्याला पिशवीभर रक्त काढून टाकायचं, हाच उपचार. रेस वर्षभर बंद.

आईला ताईने सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"माझ्या गळ्याची शपथ घ्या म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "घेतली त्यांनी. तरी मी कपाटं उपसली. पाणी पिऊन ठेवलेला पेलासुद्धा हुंगायचे गं मी!"

"आई, आम्हाला तरी कुठे माहीत होतं?"

"दुसरं काही असेल का, ते कुणी विचारलंच नाही, म्हणून माहीत नव्हतं."

रडेल असं वाटलं, पण ती उठली. हात पुसले आणि फोन उचलला. तिचा धाकटा दीर पलीकडे होता. भावाच्या पिण्याची गोष्ट नातेवाइकांत त्यानेच पसरवली होती.

"भाऊजी, तुमचा भाऊ पीत नव्हता," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "नाही, आता माझं ऐका. ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांना आजच्या आज फोन करा. आणि उद्या उपाशीपोटी जाऊन स्वतःचं रक्त तपासून घ्या."