पट्टा लावा, नाहीतर उतरा

ज्यांनी साडेतीन वर्षांचं पोर एकटीने विमानात नेलेलं नाही, त्यांनी मला एक अक्षर शिकवू नये. फुकटचे सल्ले द्यायला काय जातं? उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या दिवशी लखनौहून पुण्याला जाणाऱ्या विमानात दीडेकशे माणसं होती, आणि त्यातली निम्मी मला आई कशी असावी ते सांगत होती.

मी काही हौसेने निघाले नव्हते. पुण्यात नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता छातीचं ऑपरेशन होतं. आई जाऊन चार वर्षं झाली आणि मी एकुलती एक. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, वय बहात्तर आहे, धोका आहे, जवळचं माणूस हजर पाहिजे. आणि नाना, रिटायर्ड सुभेदार, जन्मात कुणाला 'ये' म्हणाले नाहीत, ते फोनवर म्हणाले, "देविका, आत जायच्या आधी एकदा बघू दे गं तुला." यावर मी दुसरं काय ऐकणार? थेट विमान दुपारी अडीचचं मिळालं. ते चुकलं असतं तर दिल्लीत अडकून दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात. तोपर्यंत नाना एकटेच आत गेले असते, आणि बाहेर आले असते की नाही, देव जाणे.

माझा नवरा संग्राम हवाई दलात सार्जंट आहे. विमानाची इंजिनं खोलतो आणि पुन्हा बसवतो. सात महिन्यांपूर्वी त्याची बदली अशा जागी झाली जिथे बायकोपोरांना नेता येत नाही, फोनला रेंज आली तर आली. तेव्हापासून मी आणि अवनी, आम्ही दोघीच लखनौच्या बख्शी का तालाबला, हवाई दलाच्या क्वार्टरमध्ये.

आमचं घर शहराच्या एका टोकाला, विमानतळ दुसऱ्या टोकाला सरोजिनी नगरकडे. मध्ये अख्खं लखनौ आणि त्याचा जाम. दोन तास टॅक्सीत! पण खरं सांगते, अवनीने हूं की चूं केलं नाही. सकाळी न उठवता उठली होती. चौक बाजारातून आणलेला पांढरा चिकनकारी भरतकामाचा फ्रॉक एरवी 'चुभता है' म्हणून भिरकावून देते, तो त्या दिवशी स्वतः मागून घातला. टॅक्सीवाल्या भैयाला चारदा सांगितलं, "हम प्लेन में जा रहे हैं." मी मनात म्हटलं, काय गुणाची लेक आहे माझी!

डोकं फिरलं ते काउंटरवर. माझी सीट नवव्या रांगेत आणि अवनीची तेविसाव्या. साडेतीन वर्षांची मुलगी! मी म्हटलं, तिला तिथे कोण बघणार? तर काउंटरवरची मुलगी स्क्रीनवरून नजरही न उचलता म्हणते, "मैम, सिस्टम ने दिया है." म्हणजे सिस्टिमला पोरंबाळं नाहीत, पण तुला काही अक्कल? शेवटी आत गेल्यावर एक सरदारजी न बोलता उठले आणि मागे जाऊन बसले, म्हणून आम्ही शेजारी शेजारी आलो. देव त्यांचं भलं करो.

अवनी चालता चालता प्रत्येक सीटवरच्या माणसाचं तोंड बघत होती. बसल्यावरही सीटवर उभी राहून मागे बघायला लागली. मला वाटलं, पहिल्यांदा कळत्या वयात विमान बघतेय, बघू दे. मग दार बंद झालं. तिने विचारलं, "आई, बाबा कहाँ है?"

"बाबा ड्यूटीवर आहे ना, बाळा. चल, पट्टा लावू."

तिने माझ्याकडे बघितलं आणि जी किंकाळी फोडली, ती पार मागच्या संडासापर्यंत गेली असणार.

पट्टा लावला की ती खालून सरकायची. धरली की ताठ व्हायची. पुढच्या सीटवर लाथांवर लाथा. "बाबा को बुलाओ! बाबा को बुलाओ!" बिस्किट दिलं, ते फेकलं. मोबाइल दिला, तो फेकला. धमकी दिली, गोंजारलं, शेवटी एक धपाटा घातला. घातला म्हणजे घातला, लपवू कशाला? त्यानंतर तर विचारूच नका.

आणि मग सुरू झाले आमचे शेजारी. पुढच्या सीटवरचा जाडजूड माणूस वळला, "मैडम, बच्चे को संभालिए." मी काय तिच्याबरोबर भोंडला खेळत होते? पलीकडची बाई म्हणाली, "हमारे बच्चे तो कभी ऐसे नहीं रोए." हो का! तुमचे जन्मतःच पदवीधर असतील. एक म्हणे मोबाइल द्या, दुसरा म्हणे मोबाइलनेच पोरं बिघडली. कुणीतरी म्हणालं, "पापा साथ नहीं हैं क्या?" तिडीक गेली माझ्या डोक्यात. तिचा पापा कुठे आहे म्हणून तुम्ही सुखाने समोसे खाताय, ते विचारा ना!

हवाई सुंदरी आली. आवाज मऊ, मजकूर कडक. दोन वर्षांवरच्या मुलाला पट्टा लागतोच, मांडीवर चालणार नाही, पट्ट्याशिवाय विमान हलणार नाही. दुसऱ्यांदा आली ती खाली वाकून म्हणाली, "मैम, कैप्टन ने पाँच मिनट दिए हैं. नहीं तो आपको ऑफलोड करना पड़ेगा."

ऑफलोड! जणू मी गव्हाचं पोतं.

"उतार ही दीजिए," पुढचा जाड्या म्हणाला, "सबको देर हो रही है."

मी उठून उभीच राहिले. "भाईसाहब, कल सुबह मेरे पिताजी का ऑपरेशन है. मैं उनकी अकेली औलाद हूँ. मुझे उतारकर आपको पुणे में कौन सा राजतिलक करवाना है?" तो पुढे वळून गप्प झाला. तेवढं एक बरं वाटलं. पण त्याला गप्प करून पट्टा थोडाच लागणार होता?

अवनीचा आवाज बसला होता. हुंदके देत ती म्हणाली, "ये बाबा का प्लेन है ना? तूने बोला था."

मी मटकन खाली बसले.

आमच्या क्वार्टरच्या गल्लीत एक रीत आहे. डोक्यावरून विमान गेलं की रडणाऱ्या पोराला वर दाखवायचं, "वो देखो, पापा का जहाज! टाटा करो!" पोर रडं विसरतं आणि हात हलवतं. संध्याकाळी पाच-सहा पोरं खेळ सोडून आभाळाला टाटा करत असतात. यातल्या निम्म्यांचे बाप भांडारात, नाहीतर ऑफिसात, बाकीचे इंजिनांखाली. उडत कुणीच नाही, हे प्रत्येक आईला ठाऊक. मला ही युक्ती समोरच्या वसुधाताईंनी शिकवली आणि संग्राम गेल्यापासून सात महिने मी ती रोज वापरली. माझ्या लेकीने सरळ हिशेब केला होता. बाबा विमानात असतो, आपण विमानात चाललोय, म्हणजे आपण बाबाकडे चाललोय. फ्रॉक त्यासाठी घातला होता. तोंडं त्यासाठी बघितली होती.

इतका वेळ सगळ्या विमानावर चिडले होते. आता चिडायचं कुणावर? स्वतःचा इतका संताप आला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

हवाई सुंदरीला काहीतरी कळलं असावं. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बोल दीजिए ना मैम, पापा आगे बैठकर प्लेन चला रहे हैं. बेल्ट लगा लेगी. दो मिनट बचे हैं."

देवा! किती सोपं होतं. माझ्या जिभेवर आलंसुद्धा. एक वाक्य, की पट्टा लागला, विमान सुटलं आणि मी नानांजवळ. पण पुण्यात दार उघडल्यावर पुढून कोण बाहेर येणार होतं? आणि त्यानंतर मी तिला काय दाखवणार होते, आणखी एक विमान?

मी तिचे दोन्ही हात धरले. "अवनी, इकडे बघ. बाबा या विमानात नाही. त्या वरून जाणाऱ्या विमानांत पण नव्हता. आई खोटं बोलली."

हवाई सुंदरीने कपाळाला हात लावला. मीही मनातल्या मनात नानांची माफी मागितली, कारण आता ही पोरगी विमान डोक्यावर घेणार आणि आम्ही खाली उतरणार, याची मला खात्री होती.

पण अवनी रडली नाही. तिने विचारलं, "रोज?"

"रोज," मी म्हणाले.

तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतले. सीटवर नीट बसली, पाय खाली सोडले आणि पट्टा लावू दिला. खट्कन आवाज झाला.

मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! पलीकडची बाई म्हणाली, "देखा? प्यार से समझाओ तो बच्चे मान जाते हैं." मला तिचा गळा धरावासा वाटला. ऐकलं-बिकलं नव्हतं हो तिने! एवढा वेळ लाथा झाडणारी माझी लेक अशी मुकाट बसलेली मला बघवत नव्हती. परत किंचाळली असती तर मी देवाला नारळ फोडला असता.

विमान उडालं. सकाळी नानांचा हात माझ्या हातात असणार होता, एवढं नक्की झालं. मी अवनीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिने मान बाजूला घेतली.

थोड्या वेळाने तीच हवाई सुंदरी ज्यूस आणि चॉकलेट घेऊन आली. अवनीने चॉकलेटला हात लावला नाही. बसक्या आवाजात विचारलं, "आंटी, ये प्लेन पुणे जा रहा है? नाना के पास?"

ती हसली. "हाँ बेटा. मम्मा ने बताया नहीं?"

"बताया," अवनी म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता तिने त्या आंटीलाच पुन्हा विचारलं, "सच में जा रहा है?"