बोक्याचा डोळा

धाकट्या जावेची चार बोटं प्रेसमध्ये गेली तो मंगळवार होता, आणि फोरमनचा जबडा फुटला तोही त्याच मंगळवारी, वीस मिनिटांनी. पण ते सांगायचं तर आधी बोक्याचं सांगायला हवं.

बोका म्हणजे दोघी जावांनी मिळून केलेला रोबो. थोरली कारखान्यात वायरमन होती. "बाई असून वायरमन?" हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. धाकटी त्याच कारखान्यात डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसवर. सुट्टीच्या दिवशी नवरे दुपारभर घोरत पडले की या दोघी ओट्यावर तारा पसरून बसायच्या. बिस्किटांचा रिकामा डबा हे बोक्याचं अंग, चाकं मोडक्या खेळण्याची. धाकटीनं जुन्या हातमोज्याच्या चार बोटांवर चार लवचीक पट्ट्या शिवल्या. तर्जनी वाकवली की बोका डावीकडे, करंगळी वाकवली की उजवीकडे, मूठ मिटली की सरळ पुढे. थोरलीनं त्याच्या तोंडाशी एका बाजूला बारीक दिवा आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा डोळा बसवला. मधे काही आलं, उजेड तुटला, की बोका जागच्या जागी थांबायचा. प्रेसवरही हीच तऱ्हा होती. मधे हात गेला की ठोका पडत नसे. तो डोळाही थोरलीनंच बसवला होता.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बोका कारखान्यात नेला. धाकटीनं हातमोजा चढवून त्याला बाकांखालून असा काही पळवला, की बायका डबे टाकून बघत बसल्या. थोरलीला चेव आला.

"आता याला गंडवते," ती म्हणाली आणि तिनं टॉर्चचा झोत थेट बोक्याच्या डोळ्यावर धरला. मधे चप्पल ठेवली तरी बोका थांबेना. चपलेवर जाऊन आपटला. हशा पिकला.

धाकटी बोका उचलायला बाकाखाली वाकली, तेव्हा मागे फोरमन चहाचा कप घेऊन उभा होता. "म्हणजे बाहेरून उजेड दिला की याला मधलं काही कळत नाही?"

"कळणार कुठून, साहेब? डोळ्यात उजेड आहे तोवर रस्ता मोकळाच समजणार तो."

एरवी तिच्याकडे ढुंकून न बघणारा माणूस आज काही विचारतोय, याचंच तिला अप्रूप वाटलं.

बारा दिवसांनी तो मंगळवार आला. माल घाईचा होता. थोरली गोदामातला पंखा खोलून बसली होती, तेवढ्यात प्रेसकडून किंकाळी आली. किंचाळली ती शेजारच्या मशीनवरची बाई. धाकटी गप्प उभी होती. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट धरलं होतं आणि रक्त कोपरावरून टपकत होतं.

"ताई, ते थांबलंच नाही गं," ती म्हणाली.

थोरलीनं डोक्याचा रुमाल सोडून तिच्या मनगटाला करकचून आवळला आणि तिला टेम्पोत बसवलं. कुणीतरी म्हणालं, बोटं बर्फात घालून नेली तर डॉक्टर जोडतात. म्हणून ती पिशवी घेऊन उलट्या पावली प्रेसपाशी धावली. जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं. जे होतं ते पत्र्याला चिकटलेलं होतं. ते ती नखांनी सोडवत होती तेव्हा तिची मान वर गेली. प्रेसच्या डोळ्यासमोरच्या खांबाला टेपनं एक टॉर्च बांधला होता. अजून चालू होता.

तिनं तो ओरबाडून खिशात घातला. मागे वळली तर फोरमन.

"बाई, तो इकडे द्या."

"तुम्ही लावलात?"

"दर ठोक्याला मशीन अडत होतं. माल कसा निघणार?" त्यानं हात पुढे केला. "आणि आवाज वाढवू नका. युक्ती तुमचीच आहे."

तिच्या पट्ट्याला पाईप पाना लटकत होता. पहिला घाव जबड्यावर बसला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि त्याच्या तोंडातून दोन दात रक्तासकट बाहेर आले. त्यानं तिचे केस धरले आणि तिचं कपाळ प्रेसच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. डोळ्यांत रक्त उतरलं तरी तिनं पाना सोडला नाही. तो त्याच्या गुडघ्यावर घातला, मग खांद्यावर. फोरमन खाली कोसळला तरी ती मारतच होती. यातला निम्मा मार आपण स्वतःलाच देतोय, हे तिला मारतानाही कळत होतं. दोन हमालांनी तिला मागून कव घालून ओढलं तेव्हा फोरमनचा हात खांद्यापासून भलत्याच बाजूला वळलेला होता.

पोलीस चौकीत कारखान्याचा मॅनेजर तिच्या कानाशी लागला. "तुमच्या जावेचं सगळं आम्ही बघू. टॉर्चचं तेवढं काढू नका."

तिनं टॉर्च टेबलावर ठेवला. "मारलं मीच. ते लिहा. आणि हा कुठे बांधला होता तेही लिहा."

खटले दोन झाले, एक तिच्यावर, एक फोरमनवर. नोकरी गेली. जामिनावर सुटल्यावर ती दोनदा दवाखान्यात धाकटीजवळ बसून आली, पण सांगायचं ते राहिलंच. धाकटीला घरी सोडलं त्या दिवशी ती ओट्याला टेकून बसली होती. हाताचा पांढरा गोळा मांडीवर ठेवला होता.

"फोरमनला टॉर्चचं माझ्याकडून कळलं," थोरली दारातूनच म्हणाली. "त्या दिवशी, बोक्यावरून."

धाकटी उठली. डाव्या हाताची चपराक थोरलीच्या टाके घातलेल्या कपाळाच्या कडेला बसली आणि एक टाका उसवला. मग तिनं फळीवरचा बोका खाली ओढला आणि खलबत्त्यातला बत्ता उचलला. डाव्या हाताला सवय नव्हती. अर्धे घाव फरशीवर पडत होते, टवके उडत होते. एक तिच्याच पायाच्या अंगठ्यावर बसला. थोरलीनं तिला अडवलं नाही, मदतही केली नाही. डबा पार चेपेपर्यंत ती गालावरचं रक्त न पुसता उभी राहिली.

"आधी का नाही सांगितलंस?" धाकटीनं धापा टाकत विचारलं.

"तुला सांगायची भीती वाटली. त्याला मारताना वाटली नाही."

धाकटीनं बत्ता खाली ठेवला. मग म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही. वाढ. आणि कालवून दे, मला जमत नाही."

थोरलीनं भात कालवला. पहिल्या दोन घासांना धाकटीनं तोंड फिरवलं. तिसरा घेतला. पुढे साक्षीला बोलावणं आलं तेव्हा दोघी एकाच रिक्षानं कोर्टात गेल्या. वाटेत बोलल्या मात्र नाहीत.