बोर्डावर न मावलेला शब्द

सोसायटीत सगळे त्यांना प्रेसवाले म्हणत. वर्तमानपत्राशी त्यांचा संबंध एवढाच, की शेजाऱ्याचा पेपर ते शेजाऱ्याच्या आधी वाचून पुन्हा नीट घडी घालून ठेवत. पुढच्या चौकात त्यांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्सचे बोर्ड आणि अधूनमधून निधनाची कार्डं. माणूस कशानेही जावो, प्रेसवाले त्याला ‘अल्पशा आजाराने’ रवाना करत. चार वर्षं अंथरुणाला खिळलेलेही त्यांच्या कार्डावर अल्पशा आजारानेच गेले. गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. दोन वर्षं ती डोळ्यांदेखत झिजली होती, पण कार्ड छापताना त्यांनी जुनाच मजकूर उचलला आणि फक्त नाव बदललं.

सोसायटीच्या समितीला दरवर्षी गाण्यांचा एक कार्यक्रम करायचा असे, आणि त्याला काहीतरी उदात्त कारण लागे. यंदाचं कारण प्रेसवाल्यांच्या घरातून मिळालं. त्यांच्या बायकोच्या स्मरणार्थ गाणी ठेवायची, देणग्या गोळा करायच्या आणि त्यातून कर्करोग तपासणीची गाडी तीन दिवस सोसायटीत बोलवायची, असं ठरलं. गाडीत यंत्र असतं, डॉक्टरीणबाई असतात, बायकांनी जायचं आणि तपासून यायचं. कल्पना खरोखर चांगली होती. समितीची असूनही चांगली होती.

बोर्ड प्रेसवाले फुकट छापणार होते. त्यांनी मोठ्या अक्षरांत ‘स्तनांचा कर्करोग : वेळीच तपासणी करा’ असा मजकूर जुळवून बैठकीत नेला. सोसायटीचे अध्यक्ष आयुष्यभर दुसऱ्यांच्या मसुद्यांवर लाल शाई चालवून निवृत्त झालेले. त्यांनी कागद हातात घेतला आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू कागदच उघडानागडा आलाय. फाटकावर शाळेची मुलं असतात, म्हणाले. मग पहिल्या शब्दाच्या जागी ‘महिलांमधील’ आलं. गाण्यांच्या कार्यक्रमात कर्करोग कसा दिसेल, असं खजिनदारांना वाटलं, म्हणून तोही गेला. शेवटी उरलं ते असं : ‘महिलांच्या आरोग्यासाठी एक सुरेल सायंकाळ’. बरीच जागा मोकळी झाली होती. तिथे अध्यक्षांचा फोटो बसला.

प्रेसवाल्यांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट जरा हायसंच वाटलं. बायको गेल्यापासून त्यांची मोठी बहीण घर सावरायला येऊन राहिली होती आणि तिने भाचीसाठी, म्हणजे प्रेसवाल्यांच्या मुलीसाठी, एक स्थळ आणलं होतं. ती मंडळी कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणार होती.

तपासणीसाठी बायकांची नावं घ्यायचं काम मुलीकडे होतं. बोर्ड लागल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, आज जिन्यात चौघींनी नावं दिली. दोघींचे गुडघे, एकीची कंबर, आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी विचारत होत्या, कवळी बसवून देणार का म्हणून.”

प्रेसवाले हसले. मुलगी हसली नाही.

“मग चांगलंच आहे की,” आत्या म्हणाली. “गुडघे काय, महिलांचं आरोग्यच ते.”

“गाडीत छाती तपासणार आहेत, आत्या.”

“आल्यावर कळेल त्यांना. फाटकावर बोंब कशाला? पाहुणे यायचेत. तुझ्या आईला काय झालं होतं ते त्यांनी विचारलेलं नाही, आपणहून कोण सांगतं? म्हणतील, रक्तातच आहे.”

“रक्तात असलं तर बोर्डावर छापलं नाही म्हणून उतरणार आहे का ते?”

प्रेसवाल्यांनी समजुतीचा सूर लावला. सभ्य भाषेत सांगितलं तरी लोकांना समजतं, काय म्हणायचंय ते बरोबर पोचतं, असं ते म्हणाले.

“आईनेही सभ्य भाषेतच सांगितलं होतं,” मुलगी म्हणाली.

आणि मग वर्षभर पोटात ठेवलेलं तिने बाहेर काढलं. आईला गाठ हाताला लागली होती. दुखत नव्हती, म्हणून आधी तिने दुर्लक्ष केलं. मग घाबरून ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर पुरुष, आत आणखी दोन पेशंट बसलेले. काय होतंय विचारल्यावर तिच्या तोंडातून शब्द फुटेना. शेवटी ती म्हणाली, खांदा दुखतोय. डॉक्टरांनी खांद्याचं मलम दिलं. पुढच्या वेळीही ती खांदाच म्हणाली. हे तिने हॉस्पिटलात शेवटी शेवटी मुलीला सांगितलं आणि बाबांना सांगू नकोस, अशी शपथ घातली.

प्रेसवाल्यांचा घास हातात राहिला. वर्षभर ते त्या डॉक्टरला शिव्या देत होते, की या गाढवाला खांदा आणि गाठ यातला फरक कळला नाही. डॉक्टरला गाठ कुणी दाखवलीच नव्हती. आणि ते मलम कोण चोळत होतं? तेच. रोज संध्याकाळी छापखान्यातून आल्यावर हात स्वच्छ धुऊन, मनापासून. चार बोटांवर मरण वाढत होतं आणि ते खांदा चोळत होते. ती डोळे मिटून म्हणायची, आता बरं वाटतंय.

“तुमचा बोर्ड म्हणजे तेच मलम आहे, बाबा,” मुलगी म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

सकाळी प्रेसवाल्यांनी नवा बोर्ड छापला आणि स्वतः फाटकावर बांधला. त्यावर एवढंच होतं :

‘माझ्या बायकोच्या स्तनात गाठ होती. लाजेपायी तिने डॉक्टरला खांदा दुखतो म्हणून सांगितलं. ती स्तनाच्या कर्करोगाने गेली. बायांनो, तपासणीची गाडी येतेय. नेमकं सांगा, नेमकं दाखवा.’

अध्यक्षांचा फोटो या मजकुरात बसेना.

तासाभरात अध्यक्ष छापखान्यात हजर झाले. “प्रेसवाले, हे काय केलंत? स्वतःच्या बायकोची अब्रू फाटकावर टांगलीत!”

“अब्रू चांगली सांभाळली होती, साहेब,” प्रेसवाले म्हणाले. “तिच्यासकट स्मशानात पोचवून आलो.”

यापुढे सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. मोठी देणगी देणाऱ्या बिल्डरने आपलं नाव मागे घेतलं. गाणारे गेले, कारण त्यांचे पैसे बिल्डर देणार होता. स्थळाकडून निरोप आला, की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. परवापर्यंत त्याला फार घाई होती. आत्या दोन दिवस व्यवस्थित जेवली, पण बोलली नाही. सुरेल सायंकाळी हॉलमध्ये अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मुलीने आईची हकीकत सांगितली, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, आणि जमलेल्या पैशांत गाडीचा एकच दिवस निघाला.

त्या दिवशी मात्र गाडीपुढे रांग लागली. प्रत्येकीने सांगितलं, की आपण दुसरीला सोबत म्हणून आलोय. सगळ्याच सोबतीला आल्या असतील तर तपासून घ्यायला कोण आलंय, हे डॉक्टरीणबाईंना समजेना. आत्याही सोबतीलाच आली होती, एकटीच. रांगेत अध्यक्षांची बायको होती. अध्यक्ष लांब भिंतीकडे तोंड करून तिची पर्स धरून उभे होते.

आठवड्याने ते छापखान्यात आले. यंत्र चालू होतं. बराच वेळ त्यांनी लग्नपत्रिकांचे नमुने चाळले.

“तुम्ही वहिनींना कुठल्या डॉक्टरांकडे नेलं होतं?”

“कशासाठी?” प्रेसवाल्यांनी विचारलं. त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

“आमच्या हिला जरा...”

“जरा काय?”

प्रेसवाल्यांनी यंत्र बंद केलं. अध्यक्षांच्या ओठांची दोनदा नुसतीच हालचाल झाली.

“स्तनात गाठ आहे,” ते म्हणाले. यंत्राच्या आवाजावर बोलायची तयारी केलेली, त्यामुळे शांततेत ते फार मोठ्याने आलं. दारातल्या गिऱ्हाईकाने वळून पाहिलं. अध्यक्ष तसेच उभे राहिले. “तिला हिवाळ्यापासून माहीत होतं. मला म्हणाली, तुम्ही तर कागदावरचा शब्दसुद्धा खोडलात, तुम्हाला काय सांगू?”

प्रेसवाल्यांनी स्टूल पुढे सरकवलं. त्यांना जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. गाडीतल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं. वेळ आहे म्हणाल्या, पण आता एक दिवसही घालवू नका म्हणाल्या. प्रेसवाल्यांनी मोठ्या हॉस्पिटलचा पत्ता लिहून दिला आणि उद्या सोबत येतो म्हणून सांगितलं. जाताना अध्यक्ष दारात थांबले. मागच्या फाटकावरही तसाच बोर्ड हवा, म्हणाले. मजकूर तोच. एक अक्षर बदलू नका.

तर मंडळी, शरीराच्या अवयवांची सभ्य आणि असभ्य अशी वाटणी आपण केलेली आहे. आजाराला ती कुणी कळवलेली नाही. ज्या घरात एखादा शब्द उच्चारायची चोरी असते, तिथे आजार निवांत मुक्काम करतो. म्हणून आज घरी गेल्यावर आई, बायको, बहीण, मुलगी, जी कुणी असेल तिला सरळ शब्दांत विचारा. तिने उत्तर दिलं तर मान फिरवू नका. दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. होऊ द्या. अवघडत बोलून आजवर कुणी मेलेलं नाही.