बोटाची साक्ष

बोल्टच्या डोक्याखाली इंजिनाच्या पाण्याचा हिरवा थेंब धरला होता. पडत नव्हता, नुसता फुगत होता, आणि व्हॅनखाली उताणा पडून मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला, कारण बघत राहायला फारसे कष्ट पडत नव्हते. मग त्याने बोट लावलं. थेंब फुटला, बोटावरून ओघळत मनगटापर्यंत आला, आणि मनगटाला गरम लागलं. बोटाला नाही. ओलं की कोरडं, गार की गरम... बोट गप्प. त्याने ते डोळ्यांसमोर धरलं तेव्हा कळलं की हिरवं झालंय.

म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. वॉटर पंप कालच बदलला होता, नवा कोरा, आणि आज सकाळी शाळेची मुलं पोचवून व्हॅनवाली मावशी परत दारात. ‘‘मिस्त्री, पंप नवा टाकलात ना? मग रात्रभरात गाडीखाली हे तळं कसलं?’’ ती भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भांडली नाही. ‘‘उद्या मुलं दारात उभी राहतील हो,’’ एवढंच म्हणाली आणि किल्ली ठेवून चालत गेली.

गळती पाइपातून असावी असं त्याला फार वाटत होतं. पाइपाची क्लिप सैल असते, कुणाचीही असते, त्यात माणसाची अब्रू जात नाही. त्याने क्लिप आवळली, गाडी पुन्हा तापवली, बंद केली, खाली सरकून बघितलं... पाइप कोरडा ठणठणीत. थेंब तिथेच, पंप इंजिनाला जिथे बसतो त्या सांध्यात. तिथे पंपाचं काही नसतं. तिथे कागदाइतकं पातळ पॅकिंग असतं आणि ते बसवणाऱ्याचा हात असतो.

इंजिन निवेपर्यंत तो पायरीवर बसून राहिला. वडिलांनी दोघा भावांना याच पायरीवर बसवून शिकवलं होतं. वर्तमानपत्राच्या पानाखाली एक केस ठेवायचे, डोळे मिटायला लावायचे आणि वरून बोट फिरवून केस शोधायला सांगायचे. धाकट्याला तो कधी सापडला नाही, तो रडायला लागायचा. याला लगेच सापडायचा. पानाखालचा दुमडलेला केस सुद्धा... आणि वडील बोलायचे काही नाहीत, नुसतं याचं बोट धरून धाकट्याला दाखवायचे. डोळ्याला दिसतं ते बोटाला विचारून घ्यावं, डोळे फसवतात, ही त्यांची सगळी विद्या. तेव्हापासून जुनं पॅकिंग खरवडून झालं की हा डोळे मिटतो, लोखंडावर बोट फिरवतो, आणि बोट ‘साफ’ म्हणालं की साफ. कालही म्हणालं होतं. मी फिरवलं होतं बोट. घाई केली नाही, अर्धवट केलं नाही, दोनदा फिरवलं होतं मी.

त्याने पाणी काढलं, बोल्ट काढले, पंप उतरवला. आणि दिसलं. हातच्या काकणाला आरसा नको, तसं समोर. खालच्या कडेला जुन्या पॅकिंगची करडी पट्टी, नखाएवढी, चिकटून बसलेली. आंधळ्यालाही लागली असती.

वर्षभरापूर्वी बायकोने शेगडीवरून पातेलं उतरवायला सांडशी शोधायला घेतली तर याने तसंच उचलून ठेवलं होतं. ‘‘हात आहेत की सांडशी?’’ ती हसली, आणि मग त्याच्या बोटांकडे बघून हसायची थांबली. डॉक्टर साखरेबद्दल बोलले, नसांबद्दल बोलले. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. कुणाला सांगितलंही नाही. दिवसभर माणूस काम करून दमतो, हा लपवून दमत होता, आणि संध्याकाळी दोन्ही दमणुका एकाच अंगात घेऊन घरी जायचा.

‘‘दादा, पंप तर नवा दिसतोय, परत उघडलास?’’

धाकटा आला होता. आपल्या मुलीच्या घरी दोन दिवस राहून, खांद्यावरची पिशवीही न उतरवता. याने पट्टी खरवडून काढली होती, डोळे मिटले होते, बोट फिरवत होता. बोट म्हणत होतं, साफ. कालच्याच आवाजात.

‘‘गळत होतं,’’ तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, डोळे न उघडता, ‘‘जरा हात फिरव.’’

धाकट्याने पिशवी ठेवली, बोट पुसलं आणि कडेकडेने फिरवलं. ज्याला केस सापडायचा नाही तो. ‘‘इथं अजून थोडं आहे,’’ तो म्हणाला, आणि ब्लेड घेऊन खरवडायला बसला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं.

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘पॅकिंग मीच लावतो ना नेहमी,’’ धाकटा लोखंडाकडे बघतच म्हणाला. ‘‘तू हात धुवायला जातोस... तेवढ्यात बोट फिरवून घेतो मी. वर्ष झालं असेल. परवा जायलाच नको होतं मी.’’

आणि हा समजत होता, धाकटा आळशी, हलकं काम तेवढं पुढे होऊन घेतो. दोन-चारदा बोललाही होता तसं, गिऱ्हाइकांसमोर. धाकट्याने ऐकून घेतलं होतं. याला राग आला, खूप आला, पण तो कुणावर काढायचा ते सापडेना.

पंप बसला. धाकट्याने पॅकिंग लावलं, याने बोल्ट आवळले, पाणी भरलं, गाडी सुरू केली. दोघे उकिडवे बसले, हातात टॉर्च. आत तापमानाचा काटा वर चढत होता. थेंब आला तर? तर पट्टी राहिली ती राहिली, पण गळती तिच्यामुळे नव्हतीच, पंपातच खोट असेल, बोट निर्दोष सुटलं. नाही आला तर मावशीची मुलं उद्या शाळेत पोचतील आणि माझं बोट... ये, असं तो मनात म्हणाला. मग लाज वाटून, नको येऊस.

इंजिन बंद केल्यावर धाकट्याने बाजूला सरकून त्याला जागा करून दिली. ‘‘बघ, दादा.’’

‘‘तू बघ,’’ तो म्हणाला.

धाकट्याने हात आत घातला. हा बोल्टकडे बघत नव्हता, भावाच्या तोंडाकडे बघत होता, लहानपणी धाकटा पानावर बोट फिरवून झालं की वडिलांच्या तोंडाकडे बघायचा तसा. व्हॅनखाली पडून पाठ दुखत होती. पण लपवण्याची दमणूक आता निदान एकट्याची नव्हती, हे त्याच्या लक्षात येत होतं, आणि ते बरं वाटतंय की वाईट, हे विचारायला त्याच्याकडे बोट उरलं नव्हतं.

‘‘काय लागतंय?’’ त्याने विचारलं.